महालक्ष्म्या हलल्या नाहीत

पाणी उतरून साल होत आलं, पण आमच्या लाइनीतले किस्से काही उतरून नाही राहिले. दोघं जण नळावर भेटले की सुरू. तिसरा येते अन् त्यात आपला एक टाकते. मी नववीत दुसऱ्या खेपेले बसून राहिलो. इतिहासातला एक सन मले सांगता येत नाही, पण या पुराचं मले कोणीही, केव्हाही विचारावं. सगळं पाठ हाय. थोडं वाढवून पाठ हाय.

आमची लाइन दुर्ग स्टेशनाकडची, मरोद्याच्या बाजूची. लोखंडाच्या प्लांटचे एकमजली क्वार्टर, मागं आंगन, आंगनामागं नाला. नाला म्हणजे काय, उन्हाळ्यात बॉल गेला तं धूळ झटकून वापस आणाचा, एवढाच.

त्या साली आमच्या घरी पहिल्यांदा महालक्ष्म्या बसणार होत्या. आता आमच्या लाइनीत आंध्रवाले, छत्तीसगढी, पंजाबी, सगळे, म्हणून मले हे दहादा समजवून सांगा लागलं, तुमालेही सांगतो. ज्येष्ठा अन् कनिष्ठा, दोघी बहिणी. पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, आत गहू भराचा, वरून साडी नेसवाची, त्याच्यावर पितळेचे मुखवटे. पहिल्या दिवशी बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात.

आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या वर्धेले बसत, मोठ्या आईकडं. मोठी आई म्हणजे बाबांची थोरली वहिनी. लग्न झालं तवापासून आई दर साली वर्धेले जाये अन् मागच्या खोलीत बसून पुरण वाटे. मुखवट्याले हात लावाले तिले एकदाही भेटलं नव्हतं. मग मोठ्या आईचे गुडघे गेले. आईनं हिंमत करून म्हणलं, "बाई, आता मले द्या."

मोठी आई मुखवटे घेऊन स्वतः आली. दारातच सांगतलं, "एक साल करून पाह्य, सुमन. कायी कमी-जास्त झालं तं मुखवटे घेऊन मी वापस जातो. क्वार्टर म्हणजे काय घर असते?"

आईनं मुखवट्याची पेटी आत नेली. अन् महालक्ष्म्या बसेपर्यंत तिनं मले एकदाही मारलं नाही. यावरून समजा.

* * *

पहिला मान राव अंकलचा.

राव अंकल आमच्या बाजूच्या क्वार्टरात राहतात. मूळचे आंध्रातल्या समुद्राकाठचे. लहानपणी त्याईच्या घरात समुद्र येऊन गेलता, हे ते ओळख झाल्याबरोबर सांगतात. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी पाऊस थांबतच नव्हता, अन् रेडिओनं सांगतलं की उडीशाच्या किनाऱ्यावर तुफान धडकलं.

बाबा म्हणाले, "अपने को क्या? समुंदर कितना दूर है।"

राव अंकल लुंगी वर खोसून रस्त्यात उभे राहिले. हवेचा वास घेतला. म्हणाले, "समुंदर नहीं आएगा. उसका पानी आएगा. सब लोग दरवाज़े पर बोरा लगाओ, रेती का।"

रेती कोणाजवळच नव्हती. पण सिगडीसाठी दगडी कोळसा सगळ्याईच्या घरी, बोऱ्याच्या बोऱ्या. अंकल म्हणाले, वजन पाहिजे, बाकी काही नाही. झालं. साऱ्या लाइनीनं दारादारात कोळशाच्या बोऱ्या रचल्या.

सकाळी पाणी आलं. बोऱ्यातून गाळून आलं. शाईसारखं काळं. शेजारच्या लाइनीत साधं मातकट पाणी, अन् आमच्याकडं दवात सांडल्यावानी. मोठ्या आईनं झोपेत खाटेवरून पाय खाली सोडला, वर घेतला तं पोटरीपर्यंत काळा.

तिनं पायाकडं पाह्यलं, मग आईकडं. "तुमच्याकडचं पाणीही प्लांटातूनच येते काय व, सुमन?"

बाबांनी राव अंकलले विचारलं, "राव साहब, आपने तो बोला था रुकेगा।"

अंकल आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभे. "रुका नहीं. मगर कैसा आया, देखो. धीरे-धीरे आया. इज्जत से आया।"

* * *

आता खरी पंचाईत. महालक्ष्म्या समोरच्या खोलीत तखतावर बसल्या होत्या, अन् पाणी तखताच्या पायाले लागलं होतं. कोठीतला गहू भिजला तं फुगन. फुगला तं पत्रा उकलन. मग महालक्ष्मी आडवी.

बाबा म्हणाले, "समोरच्या डबल स्टोरीत नेऊ. वरच्या मजल्यावर."

मोठी आई म्हणाली, "बसलेली महालक्ष्मी तिसऱ्या दिवसापर्यंत जागची हालत नसते. हालली तं संपलं. मग कशाचं जेवण अन् कशाचं काय. मुखवटे बांधा, मी चालली."

आईनं बाबांकडं पाह्यलं. आमचे बाबा घरात मोठ्यानं बोलत नाहीत. रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये असतात, तिथंच त्याईचं ओरडणं संपते. त्याईनं पाण्यात हात घालून तखताचा पाय चाचपला. मग म्हणाले, "वहिनी, हलवत नाही. उचलतो."

"त्यात काय फरक हाय?"

"आमी मोटर बसवतो ना प्लांटमध्ये. जागेवरून सूतभर सरकली तं शाफ्ट जाते. पण जॅक लावून सरळ वर घेतो, खाली पॅकिंग टाकतो. त्याले कोणी मोटर हलली म्हणत नाही."

मोठी आई विचारात पडली. "तोंड पूर्वेलेच राहीन?"

"पूर्वेलेच."

"वाकल्या तं?"

बाबांनी ड्यूटीच्या थैलीतून लेव्हल काढली. काचेच्या नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. "हा मधात हाय तोवर वाकत नाही."

"आण इकडं," मोठी आई म्हणाली. "बुडबुडा मी पाहीन."

आमच्याच लाइनीतला साहू भैया ट्रक चालवते, त्याचा ट्रक लाइनीच्या तोंडाशी अडकलेला. कुम्हारी गावाच्या पुढं रोड बंद. त्याच्याकडून दोन जॅक आणले. साहू भैया जॅक खांद्यावर घेऊन दारात थबकला. "ए जैक म टरक उठाय हौं भैया, देवी ल कभू नइ उठाय हौं।" ट्रक उचलला, देवी कधी उचलली नाही, म्हणे.

बाबा म्हणाले, "देवी हल्की है. हमारी भाभी को मत उठाना, बस।"

मोठी आई उंच स्टुलावर बसली, लेव्हल तखतावर, नजर बुडबुड्यावर. मी तखताखाली, पाण्यात, विटा सरकवाले. बाबा ओरडून राहिले, "उत्तर कोना, आधा फेरा! बस. दक्षिण कोना!" अन् वरून मोठी आई, "डावीकडं पळाला तुमचा बुडबुडा. अबे, हळू. हां, आला मधात. आला."

पाणी वाढे तसा विटाचा एक थर वाढे. दुपारपर्यंत महालक्ष्म्या इतक्या वर गेल्या की मुकुट पंख्याले टेकले. लाइट सकाळपासून गुल होती, पण मोठी आई म्हणाली, "अन् लाइट आली तं?"

बाबा मेन स्विच पाहाले पाण्यातून निघाले. तोवर आई टेबलावर चढली, परकराचा नाडा काढला अन् पंख्याची तिन्ही पाती छताच्या कडीले आवळून बांधली.

मोठी आई म्हणाली, "परकराचा?"

आई टेबलावरून म्हणाली, "धुतलेला हाय."

* * *

त्याच वेळची गोष्ट. मी तखताखाली किती वेळचा. अंग गारठलं, पोटात कावळे. बाहेर सगळे एकदम चूप झाले होते, पाण्याचा अंदाज घेत. मले राहवलं नाही. आवाज बारीक केला अन् तखताखालून म्हणलो, "सुमन... अवो सुमन... भूक लागली व, माय."

साहू भैयानं जॅकचा दांडा सोडला अन् हात जोडले. मोठ्या आईनं पदर डोक्यावर घेतला, हे मले पाण्यातल्या सावलीत दिसलं.

आई म्हणाली, "भूक लागली असन तं बाहेर निंघ, पिंट्या. उत्तर कोना झाला की देतो तुले एक."

"एक काय?" मी खऱ्या आवाजात विचारलं.

बाहेर निंघालो तवा समजलं. मार बंद होता तो त्या दिवशी सुरू झाला.

* * *

मग लाउडस्पीकरचा ट्रक आला. "सब लोग स्कूल में चलिए. स्कूल में इंतज़ाम है. कृपया स्कूल में चलिए।" मले कोणी इतक्या प्रेमानं शाळेत बोलावलं नव्हतं कधी. मी तं निंघालोही होतो.

आमची अर्धी लाइन गेली. आई दारात उभी राहिली. "हम नहीं आएँगे. हमारे यहाँ आज जेवण है।"

ट्रकवरचा माणूस उतरला. बिचारा सकाळपासून लोक काढून राहिला होता. पाणी कापत आला अन् म्हणाला, "बहनजी, जान है तो जेवण है. अंदर कौन-कौन है, दिखाइए।"

आई बाजूले सरकली. त्यानं आत पाह्यलं. गुडघाभर काळं पाणी, पाण्यातून विटाचे खांब निंघालेले, खांबावर तखत, तखतावर दोन महालक्ष्म्या पंख्याले टेकलेल्या, समोर समई चालू. अन् स्टुलावर एक म्हातारी, तखतावरच्या लेव्हलले डोळा लावून.

माणूस उंबरठ्यावर थांबला, वाकला, अन् पाण्यात हात घालून पायातल्या चपला काढल्या. दाराच्या बाजूले व्यवस्थित जोडून ठेवल्या. रबराच्या होत्या. ठेवल्या तशा वर आल्या अन् निंघाल्या नाल्याकडं, एकामागं एक.

तो हात जोडून आत उभाच. नमस्कार झाला तवा वळला. चपला तवर लाइनीच्या टोकाशी.

मोठी आई म्हणाली, "पिंट्या, धाव."

एक सापडली. डाव्या पायाची. आजही आमच्याकडं हाय, कोणी न्यायले आलं तं देऊ.

* * *

महालक्ष्म्याच्या नैवेद्याले सोळा भाज्या लागतात. आईनं यादी सुपेल्याच्या बाजारासाठी काढली होती, अन् सुपेल्याच्या रोडवर त्या दिवशी म्हशी पोहून राहिल्या होत्या.

आई म्हणाली, "बाजार बंद हाय. लोकाईचे आंगनं बंद नाहीत. जा."

आमच्याकडं कपडे धुवाचा पत्र्याचा मोठा टब. मी त्याच्यावर खडूनं लिहिलं, 'मरोदा–सुपेला एक्सप्रेस', अन् बांबू घेऊन बसलो. मागच्या मागं, आंगनाआंगनातून. राव आंटीनं खिडकीतून गोंगुरा दिला, आपली अंबाडीच ती. साहू चाची, म्हणजे भैयाची आई, तिनं चेच भाजी दिली, पालेभाजीच ती, अन् मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा. "ले जा बेटा, दाई ल कहिबे मैं घलो आहूँ।" आईले सांग, मी पण येतो. ज्याच्या दारात गेलो त्यानं काही ना काही दिलं. एका आंटीनं भेंडी दिली अन् टबमध्ये आपला पोपटाचा पिंजराही ठेवला, म्हणे सोडून दे पुढच्या स्टेशनावर.

घरी आलो तं मोठी आई मोजाले बसली. "हे कोणतं?"

"चेच."

"ऐकलं नाही कधी. बरं. हे?"

"गोंगुरा."

"अंबाडी म्हण. हे?"

एक कमी पडत होती, हे मले रस्त्यातच समजलं होतं. मग मी दुधीचा अर्धा तुकडा आडवा कापून वेगळा ठेवला होता. "हे केरळचं हाय. त्याईच्या भाषेत नाव हाय, मले येत नाही."

मोठ्या आईनं तुकडा उचलला, दुसऱ्या दुधीले लावून पाह्यला. बरोबर जुळला. "केरळ लयच जवळ आलं व, सुमन, तुमच्याकडं."

आई हसली. दोन दिवसात पहिल्यांदा. पण भाजी कमीच होती. तेवढ्यात राव अंकल छातीशी हिरवी पपई धरून आले. त्याईचं झाड पडलं होतं. "ये चलेगा क्या, भाभी?"

पपई चालली.

* * *

सैंपाक कशावर कराचा? कोळसा तं सगळा पाण्यात, धरण बांधण्यात गेला. गॅस होता. आमच्या घरी गॅस संपत आला का नाही, ते बाबा सिलेंडर हलवून पाहतात. अर्धं पुरण शिजलं अन् बर्नर फुसफुस कराले लागला. बाबा खाली वाकले, तं सिलेंडर त्याईच्या अगोदरच वर येऊन नळीले धरून गोल-गोल फिरून राहिला होता.

आई म्हणाली, "आता हलवून पाहाची गरज नाही."

साहू चाचीनं माळ्यावरचे कोरडे कंडे, म्हणजे गोवऱ्या, काढून आणले, डोक्यावर टोपली, कमरेपर्यंत भिजलेली. ओट्यावर विटाची चूल मांडली. धूर असा झाला की महालक्ष्म्या दिसत नव्हत्या. मोठी आई स्टुलावरून उतरली. कोणी म्हणलं नव्हतं. गुडघे धरत पाण्यातून चालत ओट्यापाशी आली अन् म्हणाली, "सरक, सुमन. तुह्या पोळीची किनार कच्ची राहून राहिली. तू समोर जा, नैवेद्याची तयारी कर. मी लाटतो."

आई तशीच उभी.

"जा ना. तुले काय आमंत्रण द्याचं?"

* * *

जेवाले सवाष्णी पाहिजेत. आईनं सांगितलेल्या सगळ्या सुपेल्याकडच्या, आपल्यातल्या. एकही येऊ शकली नाही. मोठी आई धुरातून म्हणाली, "आपल्यातल्या नाहीत तं कोणाले जेवू घालतं?"

आईनं मागचं दार उघडलं अन् आंगनातून आवाज दिला, नाव घेऊन-घेऊन. राव आंटी आली. साहू चाची होतीच. भेंडीवाली आंटी पोपट शोधत आली होती, तिलेही बसवलं. शाळेत गेलेल्यातल्या दोघी वापस आल्या, म्हणे तिथं खिचडी हाय.

"या आपल्यातल्या हायत काय?" मोठी आई हळूच म्हणाली.

आई म्हणाली, "एवढ्या पाण्यातून आल्या ना, बाई. मग."

सगळ्या विटावर चढवलेल्या खाटांवर मांडी घालून बसल्या, ताटं मांडीवर. जेवणाच्या अगोदर सवाष्णीचे पाय धुवाचे असतात. आई तांब्या घेऊन आली, राव आंटीले म्हणाली, "पाँव आगे करो।"

राव आंटीनं काळे झालेले पाय पुढं केले. "सुबह से धो रही हूँ, भाभी. तुम भी देख लो, निकलता है क्या।"

आईनं धुतले. एकेकीचे, खाली वाकून, कमरेइतक्या उंच खाटेवरून लोंबकळणारे पाय. कोळसा निघेपर्यंत. मोठी आई ओट्यावरून लाटणं हातात धरून पाहत होती.

मग तिनं लाटणं ठेवलं. पाण्यातून आली अन् पोळ्याची टोपली घेऊन वाढाले लागली. साहू चाचीजवळ थांबली. "चेच भाजी तुझीच ना? लय चांगली लागते. घे, आणखी एक पोळी घे."

चाचीले मराठी येत नाही. तिनं पोळी घेतली.

* * *

शेवटचा किस्सा तिसऱ्या दिवसाचा. पाणी उतरलं. मागं राहिला चिखल, अन् भिंतीवर सगळीकडं काळी रेघ, कमरेच्या थोडी खाली, जशी फुटपट्टीनं ओढली. खाट गेली, गाद्या गेल्या, बाबांच्या स्कूटरमध्ये बेडूक निघाला. गहू कोरडा होता. एक दाणाही भिजला नव्हता.

आरती झाली. आईनं अक्षता टाकून दोघींचे मुखवटे जरासे हलवले. झालं विसर्जन. बसवताना मुखवटे मोठ्या आईनंच चढवले होते; त्याले आईचा हात लागला तो असा. मग तिनं ते पुसले, मऊ कपड्यात बांधले, पेटीत ठेवले अन् पेटी दारापाशी नेऊन ठेवली. मुखवटे ठेवून घे, असं मोठ्या आईनं अजून म्हणलं नव्हतं.

दुर्ग स्टेशनले जाणारा टेम्पो आला. बाबा तवा भिंतीवरची रेघ खरवडून राहिले होते, हातात चुन्याचा ब्रश.

मोठी आई त्याईच्या बाजूनं जाताना थांबली. "ते पुसू नको, प्रकाश."

"कावून, वहिनी? घर खराब दिसते."

"राहू दे. पुढच्या साली तखत पहिलेपासूनच या रेघेच्या वर मांडा. मग धावपळ नाही होत."

अन् ती टेम्पोत जाऊन बसली. बाबा ब्रश घेऊन तसेच. चुना त्याईच्या कोपरावरून गळून राहिला.

आई पेटी उचलून चिखलातून धावली. "बाई! बाई, मुखवटे राहिले!"

मोठ्या आईनं वळूनही पाह्यलं नाही. टेम्पोवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "चलो भैया, गाड़ी छूट जाएगी।"